घरच्या सुनेनं फराळ पाठवायचा नसतो

मु. पो. रहिमतपूर
भाऊबीज

दीपमाला,

फराळाचा डबा पाठवायला तू भावकी कवापास्नं झालीस? परवा तुझा भाऊ सांगलीत येश्टीच्या ड्रायव्हरच्या हातात डबा देऊन मोकळा झाला. स्टँडवरनं तो आणायला मला म्हातारीला रिक्षा करावी लागली. ज्या घरातलं माणूस गेलं तिथं वरीसभर सणाची कढई चढत न्हाई, भावकी अन् शेजारी फराळ आणून देत्यात, हे आता मी तुला शिकवू व्हय? देणारे ते, घेणारे आपुन. मग तू कुणीकडची? तुझी कढई चढलीच कशी? तुझ्या भावजयीनं, बनुबाईनं केला असंल तर तिचा तिनं खावा. मी डबा उघडला न्हाई, फडताळात ठिवलाय.

आता खुशाली. मी बरी हाय. गुडघा हाय तसाच. म्हस आटली. संयोगिताला सांग, आजीनं आशीर्वाद दिलाय, शाळा बदलली म्हणून अभ्यास बदलू नगंस. तुझ्या आईला नमस्कार सांग, मनात असंल तर.

हे फोनवर बोलले असते, पर बनुबाई फोन मोठ्यानं लावती अन् सगळी आळी ऐकती. म्हणून लिहितीया. चौथी शिकलेल्या बाईचं पत्र हाय, चुका काढत बसू नगंस.

फराळानं घर भरलंय. एवढं माणूस जिवंत असताना कुणी आणून देत न्हाई. टीव्हीवर डबं, तुझ्या शिलाई मशीनवर डबं. खाणारी एकटी मी, तोंडात चार दात अन् चकलीचा ढीग. मी प्रत्येकाचा एक घास ठेवून घेते अन् बाकीचं माघारी लावते. गावात म्हणत्यात, साळूबाई वाकडी झाली. व्हय, झाली.

राहीबाई लाडू घेऊन आली. "खावा की जाऊबाई, एकानं काय हुतंय?"

मी म्हणलं, "एकानं काय हुत न्हाई गं, पर तू एकावर कवा थांबलीस?"

तिला ते लागलं. जाता जाता म्हणली, "उदयसिंहाला पोटभर घातलं असतं तर आज हा डबा आणायची पाळी आली नसती."

तेराव्यालाबी ती हेच तुझ्या तोंडावर बोलली व्हती. तू चकार शब्द काढला न्हाईस. पिशवी भरलीस अन् भावाच्या मागनं गेलीस.

तुला सगळं ठावं हाय, तरी लिहिते, म्हंजे पुढचं नीट कळंल. उदयसिंहाला साखरेचा आजार धरल्यापास्नं सणाला तुझं ठरलेलं. आदी काकडीची कोशिंबीर, मग भाकरी-आमटी, सगळ्यात शेवटी पोळी, तीबी अर्धी. त्याला एकट्याला कानकोंडं वाटू नये म्हणून आमालाबी तसंच वाढायचीस. मी कुरकूर करायची. बेंदराला घरात पाव्हणं व्हतं. राहीबाईनं त्याच्या ताटात आख्खी पोळी टाकली, वर तूप. तू सगळ्यांदेखत ती उचललीस. तो हसला. "हायकमांडचा हुकूम!" म्हणला, हात धुतला अन् बैलांची मिरवणूक बघाय जातो म्हणून गेला.

दुसऱ्या दिशी गोठ्यात पडला. साताऱ्याला नेईस्तोवर सगळं संपलं. डॉक्टरला तपासायलाबी काही ठेवलं न्हाई देवानं. मग राहीबाईनं उठवलं, गोळी घेतली, पोटात अन्न न्हाई, साखर उतरली, बायकोनं उपाशी मारला. गावानं ऐकलं. ते जाऊ दे. तू ते खरं मानलंस. बनुबाई सांगती, तू ताटावर बसतीस अन् तशीच उठतीस. दंडाची हाडं दिसाय लागली म्हणं.

आता ऐक.

काल पाडव्याला लालासाहेब आला. उदयसिंहाच्या पलटणीतला, तुमी एकमेकांच्या घरी जायचा तो. डबा हातात, पर उंबऱ्याबाहेरच उभा. आत येईना, डबा खाली ठेवीना.

"काय रं, देतूस का परत नेतूस?"

तर एवढा मोठा गडी पायरीवर बसला अन् रडाय लागला. "काकी, बेंदराला तो माझ्याकडं आला व्हता."

"मग?"

"म्हणला, लाल्या, भूक न्हाई रं, पर जीव पोळीत अडकलाय. ताट वाढ. चार खाल्ल्या, गुळवणी घालून. आमटीची वाटी तोंडाला लावून पिला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली, दीपमालाला सांगायचं न्हाई. म्हणला, ती माझ्यासाठी सणासुदीला स्वतःचं मन मारती, तिला कळलं तर मोडंल."

"त्याला साखर हाय हे तुला ठावं न्हवतं?"

"ठावं व्हतं. पर काकी, सणाच्या दिशी दारात येऊन जेवाय मागणाऱ्याला न्हाई म्हणू व्हय?"

"अन् तिचं नाव गावभर झालं तवा तुझी वाचा कुठं गेली व्हती?"

तो नुसता शपथ, शपथ करत व्हता. मी त्याला तसाच उठवला अन् राहीबाईच्या दारात नेला. तिच्या सुनांच्या म्होरं सगळं बोलाय लावला. तिनं ऐकलं, पदर सारखा केला अन् म्हणली, "चला, खाऊन तरी गेला." तिच्या जिभंला इलाज न्हाई. पर आता गावाला ठावं हाय.

दीपमाला, मी डॉक्टर न्हाई. पोळ्यांनी गेला का त्याची वेळच भरली व्हती, मला सांगता यायचं न्हाई. पर माझं पोर उपाशी गेलं न्हाई. चोरून जेवलं, पर पोटभर जेवून गेलं. तू त्याच्या तोंडचा घास काढलास म्हणून मनात जे धरून बसलीस ते सोड. तुला आता त्याचा राग येईल. यू दे. मलाबी आला. फोटोम्होरं उभी राहून त्याला लय बोलले. पलटणीत बंदूक धरल्याच्या गप्पा मारायचा, अन् एका पोळीला न्हाई म्हणता आलं न्हाई. मग पदरानं काच पुसली.

तो मुका राहून जास्त खाऊन गेला. तू मुकी राहून न खाता जाऊ नगंस. तूच शिकवलंस, अर्धी. अर्धी म्हंजे अर्धी. काहीच न्हाई असा त्याचा अर्थ न्हाई.

मशीनवरचं डबं मी काढून टाकल्यात. वर कापड घातलंय. पोरीच्या शाळंचं इथल्या मास्तरला विचारलं, कवाबी आली तरी घेतो म्हणला. मी नुसतं विचारलं. ये म्हणत न्हाई. तुझं तू बघ.

उत्तर तुझ्या भावानं द्यायचं न्हाई. बनुबाईनं फोनवर सांगायचं न्हाई. संयोगिताच्या हातनं लिहून घ्यायचं न्हाई. तू लिहायचं, तुझ्या हातानं. पर आदी जेव. जेवल्याबिगार लिहिलेलं मला चालायचं न्हाई.

अजूनबी तुझीच सासू,
साळूबाई