लाल कड्या

त्सेर्कनो, ६ ऑक्टोबर

ती. लुडविकदादास,
धाकट्या युस्तिनाचा शि. सा. न.

गुडघा कसा आहे? माझ्या पायांना आता जिना नको. म्हणून भुशाच्या गोळ्यांची शेगडी खालच्या खोलीत आणते आहे. नेवेंका म्हणते, आई, अकरा नोव्हेंबरच्या मार्टिनच्या सणापर्यंत शेगडी तपासणाऱ्या धुराडेवाल्याची सही मिळाली तर राहा, नाहीतर क्रान्यला माझ्याकडे चल. लेक मायेनं बोलावते, पण चौथ्या मजल्यावर मी काय करू? शेजारचा त्सेने शेगडी उतरवून देईल. पाइप मी बसवीन. कारखान्यात तू चाळीस वर्षं लोखंड हाताळलंस, तर कसं बसवायचं ते लिही.

लोभ कमी करू नकोस.
युस्तिना


येसेनिसे, १२ ऑक्टोबर

चि. युस्तिना हिस अनेक आशीर्वाद.

पाइप बसवणं बायकांचं काम नव्हे. पण गुडघा असा, तेव्हा बोलायला मला तोंड नाही. शेगडीच्या मागे आधी तीन तोंडांचा तुकडा लाव. त्याच्या खालच्या तोंडाला झाकण, राख तिथे पडते. मग सरळ वर. आडवा तुकडा आखूड ठेव, धुराड्याकडे चढता. सांध्यांत लाल रबरी कड्या असतील, त्या काढून टाक. आगीजवळ रबर कोण ठेवतं? माती नि राख कालवून लिंप. बाबांच्या सांध्यातून कधी धूर आला होता? नाहीच जमलं तर हट्ट नको. नेवेंकाकडे लिफ्ट आहे.

तुझा,
दादा


त्सेर्कनो, ३ नोव्हेंबर

ती. दादास,
नमस्कार, जरा कमी वाकून.

काल धुराडेवाला आला. धुराडेवाला दिसला की धरतात तसं, त्याला पाहताच मी शकुनाचं म्हणून स्वेटरचं बटण धरलं. शेगडी पेटवली आणि तिन्ही सांध्यांतून धूर. बटण हातातून सुटलं. वाटलं, झालं, आता क्रान्य.

त्यानं शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि कड्या कुठे आहेत विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. तो म्हणाला, आजी, तुमच्या बाबांच्या शेगडीतला धूर धुराडं ओढून घ्यायचं. हिच्यात पंखा आहे, ही धूर ढकलते. माती तडकली की तो घरात शिरतो, आणि त्यातला विषारी वायू तर दिसतही नाही. या कड्या उष्णता सोसतात, दादांना कळवा.

दादा, कड्या मी टाकल्या नव्हत्या. आपल्या घरात चांगली कडी टाकलेली तू कधी पाहिलीस? आलुबुखाराच्या तीन बरण्यांच्या झाकणांना लावल्या होत्या. बरण्या उघडल्या, कड्या धुतल्या, पुसल्या, सांध्यांतली माती खरवडली. त्सेनेनं पाइप धरले, कड्या मी बसवल्या. धुराडेवाल्यानं तोवर एक बरणी संपवली. मग शेगडी पुन्हा पेटली. त्यानं सांध्यासांध्याशी वायू मोजायचं यंत्र धरलं नि सही केली. कागदावर बसवणाऱ्याचं नाव लागतं. मी माझं घातलं.

एक बरणी त्सेनेनं नेली, तिसरी तुझी आहे. उघडी आहे, फार टिकणार नाही. सणाला नेवेंका बदक आणते आहे. खालची खोली उबदार आहे आणि मध्ये जिना नाही.

युस्तिना


येसेनिसे, ७ नोव्हेंबर

चि. युस्तिनास,

कड्यांच्या बाबतीत मी चुकलो. असं वाक्य बाबांनी जन्मात लिहिलं नाही, तेव्हा हा कागद जपून ठेव.

शनिवारच्या बसनं येतो. तीन कड्या घेतल्या आहेत. बरण्यांच्या.

तुझा मदतनीस,
लुडविक