चहापाण्याची उत्तम व्यवस्था

प्रिय दादा,

गुडघा आता बरा असेल. डॉक्टरीणबाईंनी जिना बंद सांगितलाय आणि तू चोरून गच्चीवर जातोस, हे मला कळतं. कसं कळतं ते विचारू नकोस. घरं हाकेच्या अंतरावर असताना ही पत्र कसलं लिहितेय, असं म्हणत तू चष्मा पुसायला घेतला असशील. कारण सोपं आहे. समोर बसले की तू डोक्यावर टपली मारतोस, 'बोल गं धाकटे' म्हणतोस, आणि पन्नाशी उलटलेली मी पुन्हा शाळकरी होते. कागदाला टपली मारता येत नाही.

वार्षिक सभेतलं तुझं अध्यक्षीय भाषण अजून माझ्या कानात आहे. आपल्या पतपेढीवर आलेलं संकट संचालक मंडळाने कसं धीराने परतवलं, हे तू फार रंगवून सांगितलंस. खजिनदारांसाठी टाळ्या झाल्या, वखारवाल्या शेठजींसाठी झाल्या. मग तुला माझी आठवण झाली. 'आमच्या भगिनींनी त्या दिवशी चहापाण्याची उत्तम व्यवस्था ठेवली,' असं म्हणून तू माझ्याकडे बघून कौतुकाने हसलास. मीही हसले, कारण लोक बघत होते. घरी येऊन मात्र पातेलं असं आपटलं की तुझे भावोजी चपला घालून फिरायलाच निघून गेले.

त्या दिवशी तू नव्हतास, म्हणून तुला दोष देत नाही. तू परगावी सहकार परिषदेत 'पतसंस्थांमधील महिला नेतृत्व' या विषयावर बोलत होतास. दैवालाही थट्टा सुचते कधी कधी. इकडे शेजारच्या रस्त्यावरची पतपेढी बुडाल्याची बातमी आली आणि आपल्या दारात ही गर्दी! खजिनदार फोन घ्यायला म्हणून बाहेर गेले ते गेलेच. शेठजींनी मागचं दार गाठलं. कारकून मुली शटर ओढून घ्यायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, शटर पडलं की आपण संपलो, पूर्ण वर करा. आणि बाकावर चढले. घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, 'आत कुणी पुरुषमाणूस नाही का?' मी म्हटलं, 'होते. पळाले. मी आहे, चालेल का?' एक जण हसला, मग दुसरा, मग सगळेच. हसणारा माणूस धक्काबुक्की करत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ज्याला ठेव काढायची त्याने काढावी, ज्याला शंका आहे त्याने आत येऊन विचारावं, असं सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत उत्तरं देत बसले. घसा पार बसला. बरेच लोक पैसे न काढताच घरी गेले. दुसऱ्या दिवशी शेठजी आले ते सरळ वर्तमानपत्रवाल्याला घेऊन. चहा दिला होता, हे खरं आहे.

संचालक मंडळातली माझी खुर्ची बायकांसाठी राखलेल्या दोन खुर्च्यांपैकी एक. तूच आग्रहाने मला तिथे बसवलंस. बसायचं म्हणजे नुसतं बसायचं, हे सांगायचं तेवढं राहून गेलं असावं! त्या शिवणकाम करणाऱ्या ताईंचं कर्ज आठवतं? दुसऱ्या मशीनसाठी अर्ज होता, हप्ते कधी चुकलेले नाहीत, आणि शेठजी म्हणाले, नवऱ्याची संमती आणा. मी म्हटलं, मग आजपासून पुरुषांच्या कर्जाला बायकोची संमती घेऊ. 'घराघरांत भांडणं लावायची आहेत का?' असं ते म्हणाले. 'भांडणं लागलेलीच आहेत, फक्त पाटी लावायची राहिलीय,' मी म्हटलं. तू खाली मान घालून मिशीत हसलास, दादा. मी पाहिलं. आणि मग मत मात्र शेठजींच्या बाजूने दिलंस. 'उगाच वाद नको' हे तुझं नेहमीचं पालुपद. मला त्या नकारापेक्षा ते हसू जास्त लागलं. पटत होतं तुला!

तू असा नव्हतास रे. बाबांनी माझी शाळा थांबवायचं ठरवलं, तेव्हा तू जेवणाचं ताट सरकवून उभा राहिलास. ती शिकणार नसेल तर मीही जाणार नाही, म्हणालास. बाबांसमोर आवाज चढवणारा त्या घरात तू पहिला. मी दाराआड उभी राहून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, माणसाने असं असावं. मला भांडायला कुणी शिकवलं, असं शेठजी तुला विचारतात ना? सांग त्यांना खरं काय ते.

आता मुद्द्याचं. पुढच्या आठवड्यात संचालक अध्यक्ष निवडतील. दर वेळी तू बिनविरोध येतोस आणि घरी पेढीतली सगळी मंडळी जमतात. यंदा तसं होणार नाही. काल मी अध्यक्षपदासाठी अर्ज भरला आहे. तुझ्याविरुद्ध. उद्या सूचनाफलकावर लागेल. शेठजींच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. मी रुसलेली नाही, मला कुणी फितवलेलं नाही, आणि समजूत काढायला येणार असशील तर जेवायलाच ये, अर्ज मागे घेणार नाही. हरले तर पुढच्या खेपेला पुन्हा भरीन. आणखी एक. अर्जाला अनुमोदक लागतो. दुसऱ्या राखीव खुर्चीवरच्या बाई, ज्यांच्यासाठी तू हजेरीचं पुस्तक सहीला घरी आणतोस, त्याही गर्दीच्या दिवशी स्वयंपाक टाकून धावत आल्या होत्या. घोळक्याची रांग त्यांनी लावली. तुला कुणी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. काल त्यांनी पतपेढीत येऊन, पहिल्यांदाच आपल्या खुर्चीत बसून, अर्ज पूर्ण वाचून सही केली. हे पत्र तुझ्या हातात वहिनीनेच दिलंय ना? मग मान वर कर. ती अजून समोरच उभी असेल. आधी तिच्याशी बोल.

भांडले तरी तुझीच,
धाकटी