मोटारीच्या खोलीतली अकरा सेकंदं

१८ नोव्हें., मंगळवार

सकाळी शेवंती तोडताना एका कानात हेडफोन. दुसरा कान वडिलांसाठी, अण्णांसाठी, नाहीतर हाक ऐकू येत नाही आणि मग दिवसभर ‘बहिरी’ म्हणतात. मखमलाबादेत धुकं इतकं की पुढची सरी दिसेना. त्यात सागरचा नवा डिस, मला डिवचणारं रॅप, वाजतोय:

‘पाटीभर फुलं आन् मूठभर फॅन,
काट्याला धार नाय, बोलते किती छान.
मंडईत बस ताई, हार ओव, फुलं मोज,
माईक ठेव खाली, तुला झेपंना हे रोज.’

हसू आलं. रॅपमधली काटा म्हणजे मी, पल्लवी. तो सेकंड शिफ्ट, म्हणजे सिन्नरचा सागर. एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला असतो म्हणून सकाळचा मोकळा. दोन महिन्यांपूर्वी सीबीएस स्टँडवर चहा पीत ठरवलेलं हे भांडण. लोकांना भांडणंच आवडतात, तर आपण करू. शेवटचा सामना सात डिसेंबरला, गोदाकाठच्या रॅप स्पर्धेत, समोरासमोर. नियम तिथेच ठरले. घरच्यांवर जायचं नाही. अंगावर जायचं नाही. बाकी सगळं खुलं.

किती छान भांडतोय आम्ही.

२० नोव्हें., गुरुवार

हसू गेलं. कमेंट वाचत बसले, तीच चूक. ‘काटा बोथट.’ ‘ताई, पाटी उचल.’ शेकडो. वहिनी हार ओवता ओवता म्हणाली, “हा तुमचा सागरभावजी ना? जेवून जातो आपल्याकडं आणि वर तुलाच पाटी उचलायला सांगतो?” मी म्हटलं, अगं खेळ आहे. ती म्हणाली, “मग हर की खेळात, रडतेस कशाला?”

रडत नव्हते. शेवंती डोळ्यांना लागते.

दुपारी पोत्यांवर डोळा लागला. सरीसरीत स्पीकर उगवलेत आणि मी त्यांना पाणी देतेय, असं स्वप्न. एकातूनही आवाज येत नाही. जाग आल्यावर अंगभर पिवळ्या पाकळ्या. वाईट एवढंच वाटतं की त्याचं खरंच भारी झालंय. मला त्याच्यापेक्षा भारी पाहिजे. पाहिजे म्हणजे पाहिजे.

२२ नोव्हें., शनिवार

सापडलं!

जुन्या फायली चाळत होते. दोन वर्षांपूर्वीची, आमची पहिली रेकॉर्डिंग, मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीतली. सागर बोलताना अडतो. रॅप करताना कधीच नाही, पण साधं बोलताना अडतो. त्या दिवशी सुरुवातीला नुसतं ‘माझं नाव’ म्हणायचं होतं. ‘म’वर अडकला. म. म-म. म. मग सगळं थांबलेलं, मग पूर्ण गाणं एका दमात.

तेवढा ‘म’ उचलला. मिनिटाला ब्याण्णव ठोक्यांच्या लयीवर ठेवला. दोन ठिकाणी किंचित कापला, मधली लांब फट काढून टाकली, आणि बसला की जागच्या जागी! खाली ढोलकीचा नुसता घुमारा. काय आवाज आहे तो. ओठ मिटलेले, आत काहीतरी धडका देतंय. चार तास तेच ऐकलं. जेवायला बोलावलेलं कळलं नाही. धुकं, पिवळं शेत आणि सगळीकडे ‘म’. इतका आनंद मला वर्षात झाला नव्हता.

२३ नोव्हें., रविवार

नियम आठवला. अंगावर जायचं नाही. पण आवाज म्हणजे अंग का? नाही ना. मी त्याच्या अडण्यावर एक शब्द लिहिला नाही. शब्द सगळे नेहमीचेच:

‘शिफ्ट तुझी दुसरी, नंबर पण दुसरा,
काटा आला मध्ये की रस्ता तुझा तिसरा.’

‘म’ फक्त मागे वाजतो. गाण्याचं नाव मात्र ‘अडकला’. दुसरं सुचेचना. फुलं टेम्पोत चढवून आले, अकरा वाजता गाणं ऑनलाइन टाकलं.

२५ नोव्हें., मंगळवार

फूलबाजारात टेम्पोवाले दिनकरकाका गाडी मागे घेताना म-म-म करतायत. एका हारवालीने फोटो काढून घेतला माझ्यासोबत. कॉलेजच्या मुली रस्त्यात थांबवून म्हणाल्या, “ताई, कसलं मारलंस त्याला!” मी जमिनीवर नव्हतेच. दिवसभर तरंगत होते.

सागरला मेसेज केला: ‘मानलं का मला?’ वाचला त्याने. उत्तर नाही. लिहीत असेल तिसरा डिस. लिहू दे.

२७ नोव्हें., गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पहाटेपासून फुलांची झुंबड, बोटं हिरवी. त्यात सागरच्या बहिणीचा, ज्योतीचा फोन.

“ताई, सागर चार दिस झाले बोलत नाय.”

माझ्याशी पण नाही, म्हटलं.

“कुणाशीच नाय. कंपनीत पोरं मशीनवर म-म-म करत्यात. काल सुपरवायझर बी हसला. घरात पाणी पायजे तर बोटानं दाखवतोय.”

मग फोन त्याच्या आईने घेतला. ओरडतील असं वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “पल्लवी, तुमच्या मळ्यावर जायला लागला तवा तो मोकळा बोलाय लागला व्हता गं,” एवढंच म्हणाल्या. आणि “फुलं बरी हायेत का यंदा?”

फोन ठेवल्यावर एकही हार नीट झाला नाही. वहिनीने माझी पाटी आपल्याकडे ओढून घेतली.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

२८ नोव्हें., शुक्रवार

गाणं काढून टाकलं. उपयोग शून्य. लोकांनी उतरवून ठेवलंय, त्यावर नाचतायत, कोण कोण तोंड वाकडं करून व्हिडिओ करतंय. माझं नाव गळून पडलं, ‘म’ फिरतोय. गाजरगवत झालंय त्याचं.

अण्णांना सांगितलं. त्यांनी हातातली पाण्याची नळी खाली ठेवली. “तुला ते चांगलं वाटलं म्हणून केलंस, की त्याला लागावं म्हणून?”

मी म्हटलं, चांगलं वाटलं म्हणून. मग खरं बोलले. दोन्ही.

३० नोव्हें., रविवार

सकाळच्या एसटीने सिन्नर. ज्योतीला कळवलं होतं, सागर स्टँडवरच भेटला. मी बोलत सुटले, माफ कर, काढलंय, मूर्ख आहे, वगैरे. एसटीचे हॉर्न, लोकांची ये-जा, आणि हा समोर उभा. दाढी वाढलेली. मी थांबल्यावर त्याने मोबाइलवर टाइप करून स्क्रीन माझ्यापुढे धरली.

‘सात तारखेला आपलं समोरासमोर ठरलंय ना. येतोय. तो बीट घेऊन ये.’

तो नको रे, म्हटलं.

त्याने पुन्हा टाइप केलं. ‘तोच.’

येताना खिडकीतून कांद्याची शेतं. माझ्याशी टाइप करून बोलला. माझ्याशी.

४ डिसें., गुरुवार

रोज तेच स्वप्न. मी माईकसमोर, तोंड उघडते तर आतून शेवंती. ओंजळ भरते, संपत नाही. वाईट वाटत नाही स्वप्नात, हेच विचित्र. उलट गार वाटतं.

तो काय करणार? माझे तुकडे करेल. करू दे. माझ्या हारांवर, अण्णांवर, कशावरही जाऊ दे. सगळं ऐकून घ्यायचं, उलट एक ओळ म्हणायची नाही, हे ठरवलंय.

७ डिसें., रविवार

गोदाकाठची बाग, सकाळचे नऊ. नदीवरून धूर निघावा तसं धुकं. पन्नासेक जण गोल करून उभे. सागर आला, इस्त्रीचा शर्ट घालून. कुणीतरी लगेच म-म-म केलं आणि गोलभर हशा पिकला.

त्याने मला हाताने खूण केली: लाव.

लावला. त्याचाच ‘म’, मी घासूनपुसून लयीत बसवलेला. त्याने माईक धरला. बीटच्या चार फेऱ्या गेल्या, आठ गेल्या. मग तो बोलायला लागला. रॅप नाही. साधं बोलणं.

“म... म-म... म...”

स्पीकरमधला ‘म’ बरोबर ठोक्यावर. त्याचा ठोक्यावर नव्हताच. कधी आधी, कधी फार उशिरा, मध्ये नुसता श्वास, मान ताणलेली, डोळे मिटलेले. दोन्ही शेजारी शेजारी ऐकू येत होते आणि माझं काय चुकलं ते सगळ्यांसमोर वाजत होतं. मी बंद करायला हात नेला. त्याने मान हलवली. नको.

हसणं कमी झालं. मग थांबलं.

“...माझं नाव सागर.”

त्याने माईक माझ्या हातात दिला, नेहमीसारखा, मूठ माझ्याकडे करून. आणि निघून गेला. माझी पाळी होती. माझ्या तोंडून एक अक्षर निघालं नाही.

तरी आयोजकांनी मला जिंकलेली ठरवलं. तो एकच ओळ बोलून निघून गेला म्हणून! गळ्यात हार घातला. आमच्याच मळ्याची शेवंती, गाठ वहिनीची. ओळखते मी ती गाठ. काढून नदीकाठच्या कठड्यावर ठेवला आणि चालत घरी आले.

१० डिसें., बुधवार

आज मूळ फाइल उघडली. न कापलेली. मोटारीच्या खोलीत बसूनच ऐकली, लाइट होती, मोटार चालू होती. फाइलमध्येही तीच मोटार, त्यामुळे आताची कुठली आणि तेव्हाची कुठली कळेना.

म. म-म. म. मग मी काढून टाकलेली फट. मोजली, अकरा सेकंदं. त्या दिवशी घाईत ऐकलीच नव्हती, स्क्रीनवरची आवाजाची रेघ पाहून कापली होती. फटीत नुसती मोटार नाहीये. मागून माझा आवाज आहे, लांबून, दारातून आल्यासारखा.

“घाई नाही रे. मोटार चालूच राहणार आहे.”

मग त्याचं हसणं. मग ‘माझं नाव’, सरळ. मग पूर्ण गाणं एका दमात.

मी असं म्हणाले होते. मला आठवतही नाही. तीच मी, आणि नेमकं तेच कापलं.

मग अकरा सेकंदांसकट सगळं त्याला पाठवलं. सोबत काही लिहिलं नाही.

सकाळचे पावणेदहा. त्याने ऐकलं. नावाखाली ‘रेकॉर्ड करत आहे’ असं आलं. गेलं. परत आलं. परत गेलं.

अण्णा बाहेरून हाका मारतायत, टेम्पो आलाय. वहिनीला म्हटलं, तू चढव आजच्या पाट्या.

परत आलंय. ‘रेकॉर्ड करत आहे.’ मी इथेच बसलेय, मोटार चालू आहे.