गॉडफ्रेची गाडी, माझी बस

३ ऑक्टोबर २०२२
गॉडफ्रे आजही गाडीनेच गेला. भुईगावहून मालाडला, हायवेने! मी बसने स्टेशन, पुढे ट्रेन, ऑफिसात पोचून चहाही झाला — तेव्हा नवरोबांचा फोन, "अजून जाममध्येच आहे." गाडीत एकटा, काचा बंद, तरी तोंडावर मास्क! स्टिअरिंगला खोकला झाला असेल.

७ ऑक्टोबर
जेवताना विषय काढला. अख्खी वसई पूर्वीसारखी फिरतेय, आमच्याकडचं लॉकडाऊन काही उठत नाही. "दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनवर मी होतो, सालोमी. तू नव्हतीस." मान्य. पण म्हणून जन्मभर माणसांपासून पळायचं? "घाबरट," म्हणाले मी. ताट अर्धवट टाकून उठला.

८ ऑक्टोबर
अबोला. भांडी जरा जोरातच आपटली. मी.

१६ ऑक्टोबर
चर्चमधून, रविवारच्या मिस्साहून परतताना आपणहून म्हणाला, "उद्या येतो तुझ्याबरोबर. बसने." कुठल्या संताने ऐकलं देव जाणे! मी लगेच उपदेश सुरू केला — "कुणी खोकलं म्हणून माणूस मरत नाही." मोठी धीराची मी!

१७ ऑक्टोबर
बस भरलेली. गॉडफ्रे माझ्या मागच्या सीटवर, कपाळावर घाम. मला हसू येत होतं. गिरिजच्या स्टॉपला माझ्या शेजारचा उतरला, एक बाई चढली, त्याच्या जागी बसली. जराशाने खोकायला लागली. थांबेचना. पुढचं धड आठवत नाही — कुणाच्या तरी पायावर पाय दिला, "थांबवा! थांबवा!" ओरडले आणि मध्येच उतरले. बस गेली. गॉडफ्रे आतच! मी रस्त्याच्या कडेला, ओढणी नाकातोंडावर दाबलेली. रिक्षा केली. शेअरची नाही, एकटीची.
संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मी स्वयंपाकघरातच भांडी घासत राहिले.

१८ ऑक्टोबर
शेजारची एमिली कालच्या बसमध्ये होती. तिनेच सांगितलं. त्या बाईच्या घशात शेंगदाणा अडकला होता. सगळे मागे सरले. गॉडफ्रे पुढे झाला, तिची पाठ थोपटली, आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं, स्टेशनपर्यंत तिच्याजवळ बसून राहिला.

१९ ऑक्टोबर
सकाळी त्याने विचारलं, "बसने येतेस ना?"
चपला घातल्या. गेटपर्यंत गेले. परत आले.
तो एकटाच गेला, बसने.