शेवटच्या कडव्यातलं नाव

कोराडी,
सप्टेंबर १९८४

प्रिय लहानू,

महिना झाला, माझं घर माझं राहिलेलं नाही. तुझ्या भाऊजींच्या गायन पार्टीची पहिली कॅसेट निघणार आहे आणि ती आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत भरणं चालू आहे. स्टुडिओ परवडत नाही, म्हणून ढोलकीवाल्या बळीरामनं आपल्या मेव्हण्याचा टेप उचलून आणला. पंखा उतरवून त्याच्या हुकाला माईक टांगलाय. कोळशाच्या ट्रकांचा आवाज आत येऊ नये म्हणून माझ्या सगळ्या गोधड्या खिळे मारून खिडक्यांवर ठोकल्यात. कूलरही बंद. या उकाड्यात सगळे घामानं निथळत बसतात, प्रत्येकाच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि गाणं सुरू व्हायच्या आधी थुंकायला माझी मोरी. दर रविवारी संध्याकाळी मी ती विटेच्या तुकड्यानं घासते आणि मला ओकारी येते. गाणी बाबासाहेबांची गायची आणि थुंकायचं बाईच्या मोरीत, हे यांच्यातल्या एकालाही खटकत नाही.

माईक एकच, त्यामुळे ज्याचा आवाज मोठा त्यानं लांब उभं राहायचं. मला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलंय, शेजारची शामला माझ्यापुढे. एक जण चुकला की गाणं पुन्हा पहिल्यापासून. एकदा शेवटच्या ओळीवर पॉवर प्लांटचा भोंगा झाला. एकदा बळीरामला ठसका लागला आणि तोंडातला सगळा ऐवज माझ्या सतरंजीवर पडला. वाचून तुला हसू येईल. सतरंजी तुला धुवायची नाही ना.

आठही गाणी तुझी आहेत. तुला आठवतं का, बाबा मिलमधून आले की खाटेवर बसून चाल लावायचे. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ‘धोंडबा म्हणे’ आलंच पाहिजे. तू पहिलं गाणं केलंस तेव्हा सातवीत होतास आणि त्यात स्वतःचं नाव घालायला लाजत होतास. बाबा म्हणाले, “नाव टाक गा. उद्या कोनी इचारलं, हे कोन बोलला, तं उभं राहा लागते.” छप्पन साली दीक्षा घेऊन गावी परतल्यावर त्यांनी पहिलं गाणं भर चौकात म्हटलं होतं, तेही नावानिशी. त्यापायी गावातली मजुरी बंद झाली आणि आई त्यांच्यामागे डोक्यावर भांडी घेऊन नागपूरला आली. आपण त्या गाण्यामुळे शहरात वाढलो, लहानू.

तर यांनी पहिल्या सात गाण्यांची शेवटची कडवी गाळून टाकली. टेप पुरत नाही म्हणाले, मी विश्वास ठेवला. आठव्या गाण्याचं शेवटचं कडवं गाळता येत नाही, गाणं तिथंच पुरं होतं. गेल्या रविवारी ते भरायला घेतलं. तुझे भाऊजी डोळे मिटून, मान डोलावत, तुझ्या जागी स्वतःचं नाव घालून गायले, ‘चंपत म्हणे, उजेड अंगणी आला.’ चंपत त्या जागी धड बसतही नाही, ओढूनताणून बसवलेला. सतरा वर्षं ज्या माणसाच्या ताटात मी वाढते आहे, त्याच्या तोंडाकडे बघवेना मला. ती ओळ कोरसनं झेलायची असते. मी दारातून, होता नव्हता तेवढ्या आवाजात ‘लहानू म्हणे’ म्हटलं. शामला माझ्याकडे बघत राहिली. टेप थांबला.

“तुले काय करा लागते वं? तू आपला कोरस म्हन,” असं ते सगळ्यांसमोर ओरडले. मी सगळ्यांसमोरच त्यांना चोर म्हटलं. तेव्हा त्यांनी खर्रा थुंकला आणि म्हणाले, “चोर काहून म्हनतं मले? तुह्याच भावानं सांगतलं. म्हने, कोनाचंबी टाका भाऊजी, माहं नोका टाकू.”

मे महिन्यात आला होतास तेव्हा पानठेल्यावर त्यांना बाजूला घेऊन बोललास म्हणे. पुण्यात बँकेत तू ललित आहेस. आडनाव बदललंस ते आम्हाला माहीत होतं, आम्ही काही बोललो नाही. पण बिल्डिंगमधल्या लोकांना तू कोण ते ठाऊक नाही, आणि कॅसेट कुणाच्या हाती लागली तर पंचाईत. भाऊजींचं काय, ते हावरट आहेत. फुकट मिळालेलं त्यांनी अंगाला लावून घेतलं. त्यांच्यावरचा माझा राग मोरीच्या पाण्याबरोबर गेला. तुझी किळस मात्र अजून घशाशी आहे. खोली भाड्यानं देताना लोक काय विचारतात, डबा खाताना कोण उठून जातं, हे मला कळत नाही असं समजू नकोस. भीती वाटत होती तर माझ्याजवळ येऊन बोलायचं होतंस, मी रडले असते तुझ्याबरोबर. तू पानठेल्यावर उभ्या उभ्या आठही गाणी सोडून दिलीस आणि वर घरी येऊन माझ्या हातचं सांडग्यांचं कालवण मागून खाल्लंस.

आज ते गाणं पुन्हा भरलं. त्यात तुझं नाव नाही, निर्धास्त राहा. चंपतही नाही. ते नाव राहिलं तर मी आणि शामला तोंड उघडणार नाही असं सांगितलं, आणि बायांशिवाय ते गाणं उभं राहत नाही हे त्यांनाही कळतं. तिथं आता ‘धोंडबा म्हणे’ आहे, चालीत अगदी अलगद बसलं. एवढंच कळवायचं असतं तर एक कार्ड पुरलं असतं. पण संध्याकाळी ते आईला ऐकवलं. तिला आता फारसं दिसत नाही, टेपच्या आवाजाकडे तोंड करून बसली होती. बाबांचं नाव आलं तसा तिनं पदर तोंडाशी धरला आणि मग म्हणाली, “माह्या लहानूनं बापाची याद ठेवली. सोताचं नाव मांगं घेतलं अन् बापाचं टाकलं.” पुन्हा लावायला सांगितलं. तुझे भाऊजी, बळीराम, सगळे खाली बघत बसले. मी टेप मागे फिरवून पुन्हा लावला. दसऱ्याला कॅसेट दीक्षाभूमीवर विकायला ठेवायची आहे आणि आई सोबत येते म्हणते. माझा पोरगा कसा आहे, हे भेटेल त्याला सांगणार आहे ती. त्याआधी ये, तिच्यासमोर बस आणि खरं काय ते तू सांग. माझ्यानं होत नाही.

अजून तरी तुझीच,
प्रेमिलाताई