ओळ कुठं सोडायची

पूर्णा,
ता. १० मार्च १९७४

चि. सत्यशीलास बाबाकडून जयभीम आणि लय आशीर्वाद.

इकडं समदे बरे हायेत. तुझ्या आईचा गुडघा दुखायलाय, पण बोलणं तसंच चालू हाय, म्हणजे काळजी न्हाई.

पत्र लिहायचं कारण असं की, यंदा भीमजयंतीला आपल्या गायन पार्टीचं पहिलं गाणं तू म्हणायचं ठरलंय. कमिटीनं विचारलं अन् मी तुला न विचारता हो म्हणून बसलो. राग धरू नको. लोको शेडमधून सुटल्यावर इतकी वर्षं मी पुढं गाणाऱ्या मुंजाजीच्या मागं उभा राहून झील धरली. त्यानं ओळ सोडली की आमी मागून उचलली, एवढंच आपलं काम. आता पुढं माझी लेक अन् मागं मी, असं एकदा व्हावं वाटायलंय.

फक्त तुझं ते आ-आ जरा कमी कर. मागच्या सुट्टीत तुझा रियाज ऐकून शेजारची दगडाबाई विचारून गेली, पोरीची दाढ दुखायलीय का.

खात-पीत जा. माया हाय तशी राहू दे.

तुझा बाबा,
सिताराम


परभणी,
ता. १८ मार्च १९७४

ती. बाबांना सत्यशीलाचा सविनय जयभीम.

पत्र वाचलं आणि जेवणावरची वासनाच गेली. दगडाबाईला सांगा, दाढ ठीक आहे, डोकं दुखतंय.

बाबा, हे काय करून बसलात तुम्ही? बन्सीधरबुवांनी मला गाणं शिकवायला घेताना एकच अट घातली होती. ते परवानगी देईपर्यंत चार लोकांत दुसरं काही गायचं नाही. गळा कच्चा असतो, दोन्हीकडं ओढला की कुठलाच राहत नाही, असं ते म्हणाले होते. तुम्ही शेजारी बसून मान हलवली होती.

त्यांनी माझी जात विचारली नाही, थेट आपल्या तंबोऱ्याजवळ बसवलं. त्यांना कसं दुखवू? आणि जयंतीला नाही तरी कसं म्हणू? ते गाणं ‘दुसरं’ कसं, हेच मला कळेना झालंय. मी मांडीवर झोपायची तेव्हापासून तुमच्या तोंडून तेच ऐकलं. यमन तर कालचा. परवानगी विचारायची म्हणून दोनदा बुवांपुढं तोंड उघडलं, दोन्ही वेळा नुसता ‘सा’ निघाला.

तुम्हीच सांगा काय करू. आईचा गुडघा निरगुडीच्या पाल्यानं शेका. लोभ कमी करू नका.

तुमची,
सत्यशीला


पूर्णा,
ता. २६ मार्च १९७४

चि. सत्यशीलास जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मीबी चक्रावलो. अट माझ्या ध्यानातच न्हवती. त्या दिवशी मी तंबोरा बघत बसलो होतो, मान कशाला हलवली ते आता आठवंना.

कमिटीला न्हाई म्हणायला गेलो, तर त्यांनी चहा पाजला अन् तुझं नाव बोर्डावर रंगवलेलं दाखवलं. तसाच परत आलो. तुझी आई आधी म्हणाली, गुरूचं ऐक म्हणावं. भाकरी थापता थापता म्हणाली, बापाचा मान राख म्हणावं. मी विचारलं, नेमकं काय लिहू? तर म्हणाली, दोन्ही लिहा. म्हणून दोन्ही लिहिलं.

बुवांनी शिकवणं बंद केलं तर तुझं नुकसान माझ्या हातून होईल, याची लय धास्ती वाटायलीय. तुला पटंल तसं कर. आलीस तर टेसनावर येतो, न्हाई आलीस तर रुसणार न्हाई.

जीव लावून हावोतच.

तुझा बाबा


परभणी,
ता. २२ एप्रिल १९७४

ती. बाबांना सविनय जयभीम.

परत आल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. जयंतीला लोकांनी टाळ्या वाजवल्या, मुंजाजीकाकांनी हार घातला, आई रडली. आणि तुम्ही घर येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. मी बेसूर झाले का? गाडीत बसल्यावरही हेच मनात घोळत होतं.

इकडं बुवांना बातमी माझ्याआधीच पोचली होती. न सांगता गेले, हे मी कबूल केलं. वाटलं, संपलं आता. ते म्हणाले, गायलीस ते म्हण. मी पहिली ओळ आळवत आळवत समेवर आणली, तर त्यांनी हात वर करून थांबवलं आणि विचारलं, “यात तुझ्या बापानं कुठं गायचं?”

लहानपणी वालूरला बुवा घरच्यांची नजर चुकवून आंबेडकरी जलसे ऐकायला जायचे म्हणे, म्हणून झील त्यांना ठाऊक.

तेव्हा कुठं मला कळलं. बाबा, तुम्ही कानावर हात ठेवून मागं तयार उभे होता आणि मी ओळ सोडलीच नाही, कुठंच नाही. बुवांकडं मुखडा आपणच समेपर्यंत न्यायचा असतो, तशीच मी प्रत्येक ओळ नेली. तुमची जागा मी गाऊन टाकली. फार वाईट वाटतंय.

बुवांनी हाकललं नाही, पण शिकवायलाही तयार नाहीत. सुट्टीत बापाकडून झील शिक, मग ये, म्हणाले. ही शिक्षा की तालीम, काही उमगत नाही. बुद्धपौर्णिमेला तुम्ही पुढं गा, मी मागं उभी राहते.

रागावला असाल तर तसं लिहा, पण लिहा.

तुमची,
सत्यशीला


पूर्णा,
ता. २७ एप्रिल १९७४

चि. सत्यशीलास जयभीम व पोटभर आशीर्वाद.

तू बेसूर न्हवतीस. मी रागावलोबी न्हवतो. मी तोंड उघडायचो अन् तू पुढं निघून जायचीस. एकदा वाटलं, सोडली ओळ. म्हणून अर्धा शब्द म्हणलो, तो तुझ्या आवाजात बुडाला. बाजूचे पोरं माझ्याकडं बघायला लागले. माझी लेक एवढं मोठं गाती म्हणून छाती फुगायची अन् त्याच टायमाला रडूबी यायचं. दोन्ही एकदम आलं, काय बोलावं सुचंना.

आता तू म्हणतीस, पुढं गा. काल शेडच्या मागं जाऊन म्हणून बघितलं. पोरी, मला ओळीची सुरुवातच येत न्हाई. समदी हयात ओळीचं शेपूट गायलो. सुरुवात करायला गेलो की जीभ थेट तिथंच जाती. मला पुढं उभं करू नको.

मुंजाजी पुढं गाईल. आपण दोघं मागं उभं राहू, शेजारी शेजारी. कुठं उचलायचं ते मला शब्दात सांगता येत न्हाई, मलाबी कुणी सांगितलं न्हवतं. मी तुझं मनगट धरून उभा राहीन. त्यानं ओळ सोडली की दाबीन. तवा उचल.

लवकर ये. वाट बघायलोय.

तुझा बाबा,
सिताराम