अर्धा मिलीमीटर

३ फेब्रुवारी, मंगळवार

मशीन घ्यायचं ठरलं. लाकूड कापायचा सरकता मायटर सॉ. मुलीच्या नव्या घरात एक अख्खी भिंत पुस्तकांची करायची आहे – बारा इंच रुंदीच्या एकवीस फळ्या, उभे खांब वेगळे. साध्या मायटर सॉचं पातं जागच्या जागी खाली येतं, जेमतेम पाच इंच कापतं. सरकत्याचं डोकं दांड्यांवरून पुढेमागे जातं, बारा इंच एका दमात. तेव्हा सरकताच हवा. आवडीनिवडीचा प्रश्नच नाही.

मुलगी एक मार्चला तिकडे राहायला जाणार. म्हणाली, "बाबा, काका दोन दिवसांत लावून देईल. मशीन कशाला आणि बिशीन कशाला?"

भिंत मी करणार, म्हटलं.

"तो तयार आहे. मी विचारलंय. म्हणाला, दादाने एकदा स्वतः बोलवावं, मी निघालोच."

बोलावत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

धाकट्या भावाबद्दल पुन्हा काही लिहायचं नव्हतं. मुलीने विषय काढला तो दोन दिवस डोक्यातून जात नाही. तर एकदा लिहून टाकतो.

अकरा वर्षं झाली. पुढच्या खोलीतलं कपाट त्याने बनवलं. चौदाव्या वर्षी शाळा सोडून एका सुताराच्या हाताखाली राहिलेला माणूस – अर्धं माप पट्टीने, अर्धं डोळ्याने. मी दिवसभर चष्म्याच्या काचा घासतो आणि सुतारकाम शिकलो ते पुस्तकांतून, एकट्याने, कुणाच्या हाताखाली न राबता. कपाट पुरं झालं त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. सासरे, मेहुणा, शेजारचे. जो तो दारावरून हात फिरवत होता. मी दाराच्या कोपऱ्याला काटकोन तपासायचा माझा गुण्या लावला. दहा इंची पोलादी पातं, शिसवी मूठ, पहिल्या पगारातून घेतलेला, आजवर जमिनीला टेकू दिलेला नाही. पात्याच्या टोकाशी फट! फीलर गेज घेतलं – पोलादाच्या पातळ पत्त्यांचा जुडगा, फटीत कोणती पत्ती जाते त्यावरून फट मोजायची. अर्धा मिलीमीटर. तेवढं मी मोठ्याने सांगितलं. मनातल्या मनात मोजून काय उपयोग?

मेहुणा धाकट्याकडे बघून हसला. "काय हो सुतारसाहेब, वीस वर्षं काय केलंत मग?"

धाकट्याने माझ्याकडून गुण्या मागून घेतला. कपाटात डोकं घालून दोन मिनिटं वाकून राहिला. तोंड लपवत असणार. बाहेर आला, गुण्या माझ्या हातात दिला, म्हणाला, "बरं." पिशवी उचलून गेला. चहा ओतलेला होता, तोही तसाच.

दुसऱ्या दिवशी मी बिजागरीकडच्या कडेला रंधा मारला आणि दार काटकोनात आणलं.

चूक दाखवली की लोकांना दाखवणारा नकोसा होतो. त्याला मी काय करू?

८ फेब्रुवारी, रविवार

मागच्या खोलीत मापं घेतली. कामाचं बाक अठ्ठावीस इंच खोल, मागे लगेच भिंत. तीन मशीनं डोक्यात आहेत.

पहिल्याचे दांडे मागे निघतात. भिंतीपासून एक फूट पुढे ओढावं लागेल, मग मी उभा राहणार दारात. बाद. दुसऱ्याचे दांडे पुढे आहेत, भिंतीला चिकटून बसतं, पण डोकं पूर्ण बाहेर ओढलं की किंचित डुलतं. दुकानात तीनदा ओढून पाहिलं, तिन्ही वेळा डुललं. दुकानातला माणूस म्हणे, "एवढं कुणी बघत नाही." म्हणूनच एवढं विकलं जातं. बाद. तिसऱ्याला दांडेच नाहीत, बिजागरीसारखा दुमडणारा हात आहे. डुलत नाही, मागे जागा मागत नाही. पातं दहा इंची, साठ दात.

तिसरं.

बायकोला सगळं समजावून सांगितलं. ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "या मशीनने तरी चौथा कोपरा बसेल का?"

घरातल्या फोटोंच्या सगळ्या चौकटी माझ्या हातच्या. तीन कोपरे असे बसतात की नख जाणार नाही. चौथा उघडा राहतो. लाकूड हवेने फुगतं-आकसतं, हे तिला शंभरदा सांगून झालंय. मी त्या फटीत भुसा आणि गोंद कालवून भरतो. रंग दिला की दिसत नाही. तिला दिसतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

मशीन आणलं. हत्यारांचं दुकान एक बाई चालवते, साठीची, चष्मा दोरीने गळ्यात. त्या चष्म्याच्या काचा मीच घासल्या आहेत. पावती करताना म्हणाली, "साहेब, मशीन उत्तम निवडलंत. आता वापराही, नुसतं मोजत बसू नका."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली फळी कापली. कापलेली कड आरशासारखी. गुण्या लावला.

टोकाला फट. अर्धा मिलीमीटर.

पुन्हा कापली. अर्धा. दुसरी फळी घेतली. अर्धा!

कोन थोडा सरकवायला मशीनला एक स्क्रू दिलेला असतो. मला ठाऊक आहे. पण नवं मशीन कारखान्यातून काटकोनात यायला हवं. त्यांचं काम मी का करायचं? सगळे सांभाळून घेतात म्हणून असला माल येतो.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मशीन परत केलं. बाईने वाद घातला नाही, दुसरं खोकं काढून दिलं. "हेही चुकीचं निघालं तर?" मी विचारलं. "तर तुम्ही याल," ती म्हणाली, "त्यात काय शंका?"

संध्याकाळी मुलीचा फोन. "बाबा, फळ्या किती झाल्या?"

एकही नाही.

"काकाला –"

फोन ठेवला. वाईट वाटलं. परत केला नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

दुसरं मशीन. अर्धा मिलीमीटर! त्याच बाजूला, तंतोतंत. म्हणजे कंपनीचा साचाच वाकडा आहे. हजारो माणसं वाकडं कापत बसली असतील आणि एकालाही पत्ता नाही.

मोजणारा मी एकटा.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनीला पत्र लिहिलं. दीड पान, सोबत आकृती. बायकोला वाचून दाखवलं. ती पुढच्या खोलीतल्या कपाटाशी होती. त्याचं दार बंद राहत नाही, आपोआप उघडतं. ती कागदाची घडी करून फटीत खोचते तेव्हा राहतं. पत्र ऐकता ऐकता घडी करत होती.

मी म्हटलं, धाकट्याचं काम. अकरा वर्षं झाली तरी दार लागत नाही.

"पहिल्या दिवशी लागत होतं," ती म्हणाली. "तुम्ही रंधा मारला तिथून उघडायला लागलं."

कागद खोचला आणि आत गेली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मुलगी येऊन गेली. उभ्या उभ्याच बोलली. पुस्तकं खोक्यांत भरून झाली आहेत, रविवारपर्यंत वाट बघते, नाहीतर बाजारातून तयार मांडण्या आणते. "मग तुम्हीही नको आणि काकाही नको. दोघांना बरोबरच सोडते." बोलताना हसली. डोळे हसत नव्हते.

जाताना मागच्या खोलीत डोकावली. बाकावर मशीन, खाली चार कापलेले तुकडे. "एवढंच?" म्हणाली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

दुसरं मशीन घेऊन दुकानात गेलो. आधी फोन केला होता तेव्हा बाईने सांगितलं होतं, "येताना तुमचा गुण्याही आणा." आणला, तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून. दाखवायचाच होता मला.

गल्ल्यापुढे पाच-सहा गिऱ्हाइकं उभी. बाई म्हणाली, "साहेब, दोन मशीनं चुकली. ठीक आहे, मशीन चुकतं. पण दोन्ही अगदी सारखी चुकली, तीही एकाच बाजूला? जरा द्या बघू तो इकडे."

प्लायचा तुकडा घेतला. त्याच्या सरळ कडेला गुण्याची मूठ टेकवली, पात्याला धरून एका ठिपक्यातून रेघ मारली. मग गुण्या पालथा केला, मूठ उजवीची डावीकडे, आणि त्याच ठिपक्यातून पुन्हा रेघ मारली. गुण्या खरा असेल तर दुसरी रेघ पहिलीवरच पडते.

पडली नाही. दोन्ही रेघा ठिपक्यातून निघाल्या आणि वर जाताना फाकल्या. बाईने टोकाला मोजपट्टी लावली. "एक मिलीमीटर. उलटवल्यावर चूक दुप्पट दिसते. म्हणजे गुण्या अर्ध्याने बाहेर आहे, साहेब."

पुन्हा करा, म्हटलं.

तिने पुन्हा केलं. "चष्मा तुमच्याच हातचा आहे," म्हणाली, "मला नीट दिसतंय."

मागे कुणीतरी हसलं. मेहुणा हसला होता तसंच. मी वळून पाहिलं नाही.

बाईनेच मग आवाज खाली आणला. "मनाला लावून घेऊ नका. नवा गुण्या घेतला की आधी उलटवून बघायचा. सुताराकडे पहिल्याच दिवशी शिकवतात हे."

मला कुणी शिकवलं नाही. पुस्तकांतला गुण्या नेहमी खराच असतो.

मशीन परत घरी आणलं. चांगलं आहे मशीन. पहिलंही चांगलं होतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

गुण्या पाडला नव्हता. कधीच पाडला नाही. म्हणजे घेतला त्या दिवसापासूनच असा.

भिंतीवरच्या चौकटी काढून टेबलावर ठेवल्या. सतरा. भुसा भरलेले सतरा कोपरे. हवेचा काही संबंध नव्हता. कंपनीला लिहिलेलं पत्र फाडलं. पोस्टात टाकलेलं नव्हतं, तेवढंच नशीब.

आज मुलीला निरोप द्यायचा होता. दिला नाही. तिनेच बायकोला फोन केला. बायको म्हणाली, "दोन दिवस थांब." कशासाठी ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

कामावर लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाची काच फुकट घालवली.

पहिल्याच दिवशी शिकवतात.

चौदाव्या वर्षी गेला होता तो सुताराकडे. मग गुण्या कशाला मागून घेतला होता त्याने?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कपाटातली मधली फळी बाहेर काढली. खालच्या बाजूला चपट्या पेन्सिलीच्या दोन रेघा, एकाच ठिपक्यातून निघालेल्या. टोकाचं अंतर मोजलं. एक मिलीमीटर. घरभर माणसं होती आणि बाहेर येऊन तो नुसतं "बरं" म्हणाला.

बायको मागे उभी होती, दाराचा कागद हातात घेऊन. म्हणाली, "सापडल्या का?"

त्याचा नंबर मागितला. तिला पाठ होता.